वेळ अमावस्येला सांडलेली आंबील

सारजाबाईंचे माहेर मुरुमचे. वयाच्या सोळाव्या वर्षी त्या लोहाऱ्याजवळच्या एका गावी बलभीमरावांच्या घरी नांदायला आल्या. साठ एकरांचे शिवार, बारमाही विहीर आणि गावात शब्दाला मान. पन्नास वर्षांत त्यांनी कोणाला खोटे बोलून फसविले नाही. मात्र पुरुषमाणसांसमोर खरे बोलण्याचा प्रसंगही त्यांनी नेहमी टाळला.

यंदाच्या वेळ अमावस्येला सारे घर पिकाच्या पूजेला रानात गेले. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी राहिली, आत पांडवांचे पाच दगड मांडले आणि त्यांच्यापुढे नैवेद्यासाठी आंबिलीचे मडके ठेवले. शेजारच्या पडीक तुकड्यावर बिरदेव मेंढक्याचा कळप दर हिवाळ्यात बसत असे. मेंढ्यांच्या लेंड्यांनी जमीन कसदार होई, आणि त्या बदल्यात कळपाला विहिरीचे पाणी मिळे. आसपास दुसरे कोणी पाणी देत नसे.

बिरदेवची लेक दैवशाला कळप इथे असेपर्यंत गावच्या शाळेत जाई; ती आणि सारजाबाईंची नात निकिता एकाच वर्गात, एकाच बाकावर बसत. मात्र नैवेद्य होईपर्यंत मेंढक्याच्या लेकराने कोपीत पाऊल टाकायचे नाही, असा रिवाज होता. म्हणून दैवशाला बाहेरच उभी होती. निकिता आत उड्या मारीत होती. तिचा पाय लागला, मडके कलंडले आणि आंबील मातीत गेली. बाजरीच्या पिठाचे उंडे वळता वळता सारजाबाईंनी ते डोळ्यांनी पाहिले.

बलभीमराव आत आले. त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच निकिता म्हणाली, "दैवशालानं सांडली."

दैवशालाने बापाकडे पाहिले. बिरदेवने लेकीला काही विचारले नाही. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "चुकलं, मालक."

नैवेद्य बाटला, आता कळप सांजेच्या आत हलव, असे बलभीमरावांनी सांगितले. बिरदेवची बायको सखूबाई मेंढ्या कोंडायची जाळी, वाघूर, गुंडाळू लागली. पुढच्या मुक्कामी, वाशीला, पोचेपर्यंत मेंढ्यांना पाणी कुठे पाजायचे, एवढेच तिने नवऱ्याला हळू विचारले.

सारजाबाईंनी हातातला उंडा खाली ठेवला. त्या उठल्या, नवऱ्याला बांधाकडे घेऊन गेल्या आणि आयुष्यात प्रथमच त्यांच्यासमोर उभ्या राहून बोलल्या.

"आंबील निकितानं सांडली. म्या बघितलं."

"मला बी दारातनं दिसलं," बलभीमराव शांतपणे म्हणाले.

"मग त्या गरिबाला कशापायी हाकलता?"

"सणादिवशी घरच्या लेकीचं नाव घ्यायचं व्हय? त्यांना सवय हाय."

सारजाबाईंनी मागे वळून पाहिले. निकिता मागोमाग येऊन तिथेच उभी होती. तिने प्रत्येक शब्द ऐकला होता. आजोबा रागे भरतील म्हणून आवळलेल्या तिच्या मुठी हळूहळू सैल झाल्या. ती आजोबांजवळ गेली आणि त्यांचा हात धरून जेवायला बसली. तिने मिसळ भाज्यांची भज्जी दोनदा मागून घेतली.

उन्हे कलली तेव्हा कळप बांधाच्या पलीकडे उतरत होता. मेंढ्या विहिरीकडे माना वळवीत होत्या. घरी परतताना निकिता ट्रॅक्टरच्या डब्यात सारजाबाईंना खेटून बसली.

"आजी, दैवशाला गेली. आता शाळंत माझ्याशेजारी कोण बसंल?"

सारजाबाईंनी तिच्या अंगाभोवती हात टाकला. निकिताने थोडा विचार केला.

"कुणीबी बसंल," ती म्हणाली. "मी सांगंन ती बसंल."

सारजाबाईंनी नातीच्या अंगाभोवतीचा आपला हात नकळत काढून घेतला.