रक्त द्यायला गेलेला बदली

चांगदेव म्हणजे इंदूरच्या कापड मिलमधला नावाजलेला विणकर. तुटलेला धागा असा जोडायचा, की गाठ शोधून सापडू नये. मिलला कुलूप लागलं तेव्हा गडी खाटांना नवार विणायला लागला. पुढे संधिवातानं बोटंच मिटली आणि तेही सुटलं.

आता जमाना बघा. मिल बंद, पण बाहेरच्या कंपन्यांना दारं उघडी. एका इस्पितळात अशाच एका कंपनीच्या संधिवातावरच्या नव्या औषधाची चाचणी निघाली. तिथल्या प्रमोदिनी मॅडमनं चांगदेवला समजावलं, की सूज आणायचे निरोप शरीरात काही रेणू पोचवतात. प्रथिनाचं हे औषध त्यांना धरून ठेवतं. किती दिवस धरतं ते ताडायला ठरल्या दिवशी रक्त काढायचं आणि त्यात औषध किती उरलं त्याची कॉम्प्युटरवर रेषा आखायची. पहिली सुई लागली आणि पंधरवड्यात चांगदेवनं आपल्या हातानं शर्टाची बटणं लावली. बायको कांताबाई बघतच राहिली.

चौथ्या आठवड्यात रक्त द्यायच्या दिवशीच मिलच्या फाटकावर कामगारांची हजेरी आली. जो येणार नाही त्याचं नाव थकलेल्या पैशांच्या यादीतून जाणार, अशी बोलवा. मिलची रीत अशी, की माणूस आला नाही तर त्याच्या लूमवर बदली उभा राहायचा; काम अडायचं नाही. चांगदेवचा जुना बदली लक्ष्मण.

"भिया, रक्तच तर द्यायचंय," लक्ष्मण त्याला भावासारखं म्हणाला. "तू जा हजेरीला."

इस्पितळाच्या कार्डावर नंबर होता, फोटो नव्हता; लक्ष्मण ते घेऊन रक्त देऊन आला.

पुढच्या खेपेला मॅडमनं पडद्यावर दाखवलं: हळूहळू उतरायची ती रेषा एकदम तळाला. रक्तात औषधाचा अंश नाही. म्हणजे शरीरच औषधावर उलटलं, पुढची सुई जिवावर बेतेल. सुई बंद.

चांगदेवनं घाबरून खरं ते सांगून टाकलं. वाटलं, आता तरी सुई मिळेल.

मॅडमनं पडद्यावरची रेषा पुन्हा एकदा पाहिली. "काका, आधी सांगितलं असतंत तर दिवस बदलून दिला असता. आता तुमची रेषाच चाचणीतून काढून टाकावी लागेल. नमुना दुसऱ्याचा निघाला की माणूस बाद."

"बाकी रक्त माझंच आहे ना, मॅडमजी. हात तर बघा."

त्यांनी पाहिले. त्या दिवशी बोटं सरळ होती.

ती सुई बाजारात कुठेच मिळेना. लक्ष्मण रोज येऊन दारात बसायचा. चांगदेव त्याला कधी रागावला नाही. दोन महिन्यांत बोटं परत मिटली. कांताबाई डाळभात कालवून घास पुढे करायची, आणि एवढा नावाजलेला विणकर तोंड उघडायचा.