मळकट निकेल

प्लेटिंगच्या, म्हणजे लोखंडावर निकेलचा मुलामा चढवायच्या धंद्यात मी जन्मभर धुळीशी भांडलो. उमरेड रोडवरच्या आमच्या शेडच्या दारांना ओली पोती टांगलेली असत आणि टाकीतलं निकेलचं पाणी रोज संध्याकाळी गाळलं जाई. एक कण राहिला तरी सायकलच्या हँडलवर फोड उठायचा. ऐंशी सालाच्या सुमारास त्याच टाकीत मी स्वतःच्या हातानं भुकटी ओतली.

कोळसा खाणीतल्या पंपांच्या दांड्यांवर लोखंडी नळ्या बसवतात. खाणीतल्या आंबट पाण्यानं त्या गंजत आणि कोळशाच्या कणांनी झिजत. धार लावायच्या दगडाचा पिठासारखा बारीक चुरा निकेलच्या थरात अडकवला तर गंज आणि झीज दोन्ही थांबतील, असं खाणीतल्याच एका इंजिनिअरनं मला सुचवलं. चुरा तळाशी बसू नये म्हणून मी खालून हवा सोडली आणि नळी फिरती ठेवली. थर चांगला बसला, पण रंग आला राखेसारखा.

खाणीला नमुने दोन द्यायचे होते. दुसऱ्याच्या आधी माझ्या मेहुण्यानं, म्हणजे धंद्यातल्या माझ्या भागीदारानं, सवयीनं टाकी गाळून टाकली.

"काहून गाळलं?"

"रोजच तर गाळतो, भाऊजी. पाणी कसं आरशावानी झालं, पाहा नं."

मी इतका ओरडलो की शेजारचा वेल्डर काम थांबवून बघायला आला. गाळलेला चुरा गटारात गेला होता; नवा मिळेपर्यंत मुदत संपली असती. राखाडी नळीच्या जोडीला त्याच गाळलेल्या पाण्यातून निघालेली, साध्या निकेलची चकचकीत नळी घेऊन मी खाणीच्या ऑफिसात गेलो. ही साधी आहे, खरं काम ते राखाडी, हे खरेदीच्या साहेबाला सांगितलंही.

त्यानं राखाडी नळी दोन बोटांनी उचलली. "हे मळकट काय आणलंत? आंघोळ घालून आणायची होती."

सगळं ऑफिस हसलं. डोकं तापलं, पण हे काम गेलं असतं तर मी जन्मभर हँडलंच चमकवत बसलो असतो. म्हणालो, "दोन्ही बसवा, शेजारच्या पंपांवर. मळकट आधी गेली तर मी तुमची पायरी चढणार नाही. चकचकीत आधी गेली तर सगळ्या पंपांचं काम माझं." तो तयार झाला.

पावसाळा संपता संपता चकचकीत नळीवर चरे पडले आणि चऱ्यांत गंज धरला. राखाडी होती तशीच होती. साहेबानं मला बोलावणं पाठवलं. मी निरोप दिला, त्यांनीच यावं.

"काम हातचं जाईन, भाऊजी. काहून ताणून राहिले?"

"येतो तो. पंप बंद ठेवून कुठं जाईल?"

चौथ्या दिवशी जीप दाराशी उभी राहिली. साहेब खुर्चीवर बसला, चहा प्याला, सगळ्या पंपांचं काम देतो म्हणाला. झाल्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही. उठता उठता, सोबत आणलेली राखाडी नळी फिरवून पाहत म्हणाला, "बाकी ठीक आहे. जरा चमक देता येईल का?"

मेहुणा तोंड फिरवून टाकीकडे गेला. त्याचे खांदे हलत होते.

"चमक पाहिजे तर हँडल घेऊन जा," मी म्हणालो.

दुसरा चहा मी त्याला विचारला नाही. त्यानं जीपमधून आणलेल्या बाकी पंपांच्या नळ्या मात्र त्याच संध्याकाळी मोजून घेतल्या, आणि मेहुण्याची गाळायची फडकी माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवली.