तुरीचा पाला

ठाकुर्ली स्टेशनबाहेर एक आगरी बाई हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा विकायला बसायची. शेंगा शीळफाट्याकडच्या तिच्याच बांधावरच्या, डहाळ्यांना पाल्यासकट लगडलेल्या. तोंड आलेल्या गिऱ्हाइकाला ती चावायला मूठभर पाला फुकट द्यायची. तिच्याही गालात कायम पाला असायचा, त्यामुळे बोलणं बेताचंच.

"तुमचं तोंड सारखं येतं का?" मी एकदा विचारलं.

"नाय गो. घरात पोरं जमीन विकायचं काढतात, तवा चावते. भांडन टळतं. आता सवयच लागली."

यंदा तिच्यापुढे बाजारातून आणलेल्या सुट्या शेंगा होत्या.

"बांध गेला," ती म्हणाली. मी शेंगा निवडल्या, पिशवीत भरल्या, तरी ती बोलतच होती.