यंत्राच्या गळ्यातली चिठ्ठी

हमीदभाई गेल्याचं मला आमच्या रविवारच्या ग्रुपवर कळलं. सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. ‘हमीदभाई पहाटे गेले. हार्ट.’ त्याखाली जोडलेले हात, भावपूर्ण श्रद्धांजली, आणखी हात... आणि चहाला उकळी फुटायच्या आत एकाने विचारलं, ‘त्यांच्या त्या मोठ्या स्कोपचं घरचे काय करणार?’ दुसऱ्याने लिहिलं, ‘आत्ता नको रे.’ मला वाटलं, चला, एकाला तरी लाज आहे. तर त्याचाच पुढचा मेसेज आला, ‘दोन दिवस जाऊ दे, मग मी बोलतो.’ माणूस अजून घरातच होता. त्याला शेवटची आंघोळही घातली नव्हती. मला मळमळून आलं, चहा तसाच मोरीत ओतला. या गोष्टीला आता पाच आठवडे होतील, पण लिहायला बसले की आधी ती मळमळच वर येते, दुःख मागून येतं. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात केली.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवत असे. प्रयोगशाळेतलं एक जुनं मीटर बंद पडलं तेव्हा आमचा शिपाई म्हणाला, ‘द्वारका चौकात हमीद म्हणून एक जण आहे, तो बघतो.’ चौकातल्या गाड्यांच्या कल्लोळातून आत वळलं की टायरच्या दुकानावरचा पहिला मजला. पुढे त्यांची कामाची खोली, मागे घर. मूळचे मालेगावचे, वडील आणि भाऊ मागावर काम करणारे. हे एकटेच आयटीआय करून सातपूरच्या एका कारखान्यात मोजमापाच्या यंत्रांच्या विभागात लागले, आणि तो कारखाना बंद पडल्यावर घरीच यंत्रं दुरुस्त करू लागले. मी आमचं मीटर घेऊन गेले तो रविवार होता. टेबलाभोवती सात-आठ पुरुष कोंडाळं करून बसले होते आणि भंगारातून आणलेला एक स्कोप उघडत होते. स्कोप म्हणजे ऑसिलोस्कोप, विजेची लाट पडद्यावर हिरव्या रेषेत दाखवणारी पेटी. कोणाचं दुकान होतं, कोणी निवृत्त इंजिनियर, एक जण तर बायकोच्या भीतीने मीटर भाजीच्या पिशवीत मेथीखाली लपवून आणायचा. ही सगळी मंडळी जुनी यंत्रं विकत घ्यायची, आपापसात मिरवायची, आणि फसली की हमीदभाईंकडे यायची. मी त्या दिवशी दाराशीच एका खुर्चीवर टेकले आणि पुढची अकरा वर्षं दर रविवारी त्याच खुर्चीवर बसत राहिले. फारसं बोलत नसे. ऐकायला मात्र फार आवडायचं.

‘तुम्ही घ्यायला पोचलात तेव्हा पेटी चालू होती का?’ ते विचारायचे.

‘हो ना हमीदभाई, मस्त हिरवी रेघ दिसत होती.’

‘मग फसलात की! पेटी थंड असताना बघायची असते. गरम झाल्यावर सगळेच शरीफ वागतात.’

सगळे हसायचे, फसलेला सोडून.

दुसरा त्यांचा नियम नाकाचा. कव्हर काढलं की आधी वास घ्यायचा, डोळे नंतर. आतला कपॅसिटर गळला असेल तर मेलेल्या माशासारखा वास येतो, हे मी इतकी वर्षं फिजिक्स शिकवूनही मला ठाऊक नव्हतं. आत काय काय निघायचं! बॅटरी फुटून साचलेला हिरवट चिकटा, झुरळांची अंडी, एकदा तर उंदराचं अख्खं घर, पिल्लांसकट. मी तोंडावर पदर धरून बाजूला व्हायचे. ते दात घासायच्या ब्रशने शांतपणे साफ करत बसायचे. त्यांना किळस यायची ती एकाच गोष्टीची, जुन्या पेटीवर मारलेल्या ताज्या रंगाची. देवरे नावाचा आमच्यातलाच एक जण जुनी यंत्रं घेऊन ऑनलाइन विकायचा. त्याने एकदा असं चकचकीत मीटर आणलं, तर हमीदभाईंनी त्याला हातसुद्धा लावला नाही.

‘घाण धुता येते, देवरे. हे काय आणलंस? मुर्द्याच्या डोळ्यांत सुरमा!’

‘गिऱ्हाइकाला आवडतं हो हमीदभाई.’

‘गिऱ्हाइकाला आवडतं म्हणून तू काय काय करशील, याची यादी एकदा करून दाखव मला.’

देवरेही हसला. त्याला काही लागत नसे. जे येत होतं ते सगळं तो याच टेबलावर शिकला होता.

आता चिठ्ठ्यांबद्दल सांगायला हवं. सूत ज्यावर गुंडाळून येतं ते पुठ्ठ्याचे रिकामे कोन भाऊ मालेगावहून पोतं भरून पाठवायचा. हमीदभाई त्याचे तळहाताएवढे तुकडे कापायचे, मागावरच्याच दोऱ्याने ते यंत्राच्या मुठीला बांधायचे आणि त्यावर त्या यंत्राचा दोष लिहायचे. गुण कधी लिहीत नसत. ‘वरच्या टोकाला जास्त सांगतो.’ ‘थंडीत खोटं बोलतो, वीस मिनिटं थांबा.’ ‘बटण डावीकडे फिरवताना शिवी द्यावी लागते.’ खाली बारीक ‘ह’. चिठ्ठीशिवाय एकही यंत्र त्यांच्या खोलीतून बाहेर जात नसे, स्वतःच्या मांडणीवरच्यांनाही चिठ्ठ्या होत्या. मी एकदा म्हटलं, ‘हमीदभाई, सगळ्यांचे दोषच लिहिता.’ तर म्हणाले, ‘मॅडम, जो मीटर किती चुकतो ते आपल्याला माहीत आहे, त्याच्यावर काम करता येतं. जो चुकतच नाही म्हणतो, त्याचं काय करायचं?’ 

या नियमातून त्यांनी स्वतःला सूट दिली नव्हती. आमचा हा धंदेवाईक नसलेल्यांचा गोतावळा एक चूक हमखास करतो. घरच्या विजेवरचं काही मोजताना फ्यूज उडतो, म्हणून स्कोपची अर्थची तार कापून टाकतो. मोजणी सोपी होते, पण पेटीच्या लोखंडी अंगावर वीज येऊ शकते आणि तिला जमिनीत उतरायला वाट उरत नाही. मग ती हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढते. हमीदभाई या चुकीवरून लोकांना फाडून खायचे... आणि त्यांच्या स्वतःच्या मोठ्या करड्या स्कोपची अर्थची तार सुटलेली होती. बाहेर प्लगला तिन्ही पिना शाबूत, आत मात्र हिरवी तार सोडवून टेप गुंडाळलेली. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही, मलाही कळलं नव्हतं. त्यावर चिठ्ठी होती. अर्थात, त्या वेळी ती मी कधी वाचली नव्हती. मांडणीच्या वरच्या खणात, भिंतीकडे तोंड करून लटकत होती ती.

तिसऱ्या दिवशी मी जियारतीच्या प्रार्थनेला गेले. शमीमभाभी, म्हणजे हमीदभाईंच्या पत्नी, आतल्या खोलीत बायकांमध्ये बसल्या होत्या. मी त्यांचा हात हातात घेतला. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, तुम्ही आलात की ते मला दोनदा चहा टाकायला लावायचे.’ मला रडू आलं, ते खरंच होतं. पण रडता रडता माझी नजर दारातून पुढच्या खोलीतल्या मांडणीवर गेली, आणि तिथे ते छोटं काळं मीटर होतं, काट्याचं, ज्याच्याकडे मी अकरा वर्षं बघत आले होते. निघताना मी ते उचललं. भाभींनी पाहिलं, तेव्हा मी म्हणाले, ‘हे माझंच आहे, दुरुस्तीला दिलं होतं.’ त्या म्हणाल्या, ‘घेऊन जा ना, तुमचंच सगळं.’ मला मागता आलं असतं, त्यांनी आनंदाने दिलं असतं. तरी मी खोटं बोलले. जिन्यातच त्या मीटरची चिठ्ठी ओढून काढली आणि पर्समध्ये कोंबली. ग्रुपवरच्या त्या मेसेजने मला मळमळलं होतं ना? तीच मी, तीनच दिवसांनी.

पुढच्या रविवारी खोली रिकामी करायची होती, मुलगी-जावई राहायला येणार होते. भाभींनी मला फोन केला, ‘तुम्ही शिकलेल्या, तुम्ही बघा कोणाला काय द्यायचं ते.’ मी जायला हवं होतं. पण त्या मांडणीवरच्या रिकाम्या जागेसमोर उभं राहायची हिंमत नव्हती, म्हणून मी देवरेला सांगितलं, ‘तुम्हीच बघा.’ संध्याकाळी खात्री करायला गेले तेव्हा देवरे कात्री घेऊन बसला होता आणि एकेका यंत्राच्या गळ्यातली चिठ्ठी कापून फरशीवर टाकत होता. आमच्यातलेच चौघे त्याला यंत्रं हातात देत होते, चिवडा खात होते. तेलकट बोटांचे ठसे पुठ्ठ्यांवर उमटले होते.

‘अहो देवरे, हे काय?’

‘मॅडम, दोष लिहिलेला माल कोण घेणार? भाभींना चार पैसे सुटायला नकोत का? तुम्ही लय सेंटी होता बुवा.’

मला तेव्हाच त्याच्या हातातली कात्री काढून घ्यायला हवी होती. पण माझ्या पर्समध्ये एक चिठ्ठी होती... त्याने सगळ्या चिठ्ठ्या एका पिशवीत भरून माझ्या हातात दिल्या, ‘तुम्हाला वाचायची आवड आहे, बसा वाचत.’ आठवडाभरात त्याच्या जाहिराती दिसू लागल्या. ‘कै. हमीदभाईंच्या खास संग्रहातील, एकदम परफेक्ट.’ फोटोत पेट्यांवर काहीतरी फासून चकाकी आणलेली होती. त्या माणसाचं आयुष्यभराचं नाव, आणि त्याखाली त्यांनी कधीच न उच्चारलेला शब्द. परफेक्ट!

पिशवी मी दोन आठवडे उघडलीच नाही. उघडली तेव्हा चिठ्ठ्यांना चिवड्याच्या तेलाचा खवट वास सुटला होता. एकेक पुसून वाचत गेले, आणि ती हाती आली. ‘मोठा करडा. अर्थ मीच काढला. आळस. पेटीला हात लावू नये. ह.’

मी ग्रुपवर विचारलं, करडा स्कोप कोणाकडे आहे? कोणी उत्तर दिलं नाही. देवरेला फोन केला. ‘तो ना? सुरगाण्याकडच्या एका शाळेत दिला. गावित सर म्हणून आहेत. चालू आहे मॅडम, मी बघून दिलाय.’ मी चिठ्ठी वाचून दाखवली. तो म्हणाला, ‘मी हात लावला होता की, काही झालं नाही. आता सांगितलं तर परत आणतील हो.’ शाळा. लोखंडी पेटी. आणि याला माल परत येण्याची भीती. मी आयुष्यात फार कमी वेळा ओरडले आहे. त्या दिवशी ओरडले आणि नंबर घेतला. फोन लागेना, तिकडे डोंगरात रेंज नसते. मग चिठ्ठी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन सकाळच्या एसटीने सुरगाण्याला आणि तिथून जीपने शाळेपर्यंत गेले. वाटेत मला फक्त मुलांचे हात दिसत होते.

गावित सर तरुण, हसरे. विज्ञानाच्या खोलीत स्कोप मधोमध मांडलेला, त्याला हार घातलेला. मी धावत जाऊन आधी प्लग उपसला. ते गोंधळले.

‘सर, कोणाला काही झालं नाही ना?’

‘नाय, झालं काय मॅडम? परवा आली तेव्हापासून पोरी म्हणत होत्या, पेटी चावते, बटणाला हात लावला का मुंग्या येतात. मला वाटलं, आपल्याच वायरिंगचा घोटाळा हाय. म्हणून त्यांना चपला घालून या म्हटलं.’

मी तिथल्याच बाकावर बसले. चपलांच्या पातळ रबरावर त्या मुली उभ्या होत्या... दोन दिवस. मग उठले, कव्हर काढलं, आधी वास घेतला. टेप सोडवली, हिरवी तार घासून पेटीला घट्ट जोडली, शाळेच्या सॉकेटला अर्थ आहे की नाही ते तिथल्याच एका दिव्याने तपासलं; होता. पाऊण तासही लागला नाही. हमीदभाईंनी अकरा वर्षं, कदाचित त्याहून जास्त, पुढे ढकललेलं काम पाऊण तासाचं होतं. मला त्यांचाही राग आला. प्रेमाच्या माणसाचाही येतो.

चिठ्ठी परत बांधू लागले तर गावित सर म्हणाले, ‘दुरुस्त झालं ना मॅडम, मग ही कशाला?’ दुरुस्त झाल्याचं लिहायला म्हणून मी ती उलटी केली, आणि मागे त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं दिसलं, ‘दुरुस्त केला :’ पुढे जागा कोरी. घरी येऊन पाहिलं तर पिशवीतल्या प्रत्येक चिठ्ठीच्या मागे तेच होतं. दोष लिहितानाच ते मागची बाजूही लिहून ठेवत असले पाहिजेत. काही ठिकाणी पुढे तारीख होती, पुष्कळ ठिकाणी नव्हती. सुरगाण्याच्या चिठ्ठीवर त्या कोऱ्या जागी मी तिथेच माझं नाव लिहिलं होतं आणि तिथल्या एका मुलीकडून गाठ मारून घेतली होती. तिने पेटीला आधी एक बोट लावून बघितलं, मगच हात लावला.

बाकीच्या चिठ्ठ्या घेऊन मी एकेका घेणाऱ्याला फोन करते आहे. काही जण आभार मानतात, काही जण चिडतात. देवरे आता ग्रुपवर मला ‘चिठ्ठीवाल्या बाई’ म्हणतो. रोज सकाळी तिथे फुलांची चित्रं येतात, आणि जुन्या स्कोपचे भाव.

येत्या शुक्रवारी चाळीसावा आहे, भाभींकडे जायचं आहे. काळं मीटर माझ्या टेबलावर आहे. त्यांची चिठ्ठी मी त्याला परत बांधली, ‘वरच्या टोकाला जास्त सांगतो.’ तिच्याशेजारी सुताच्या कोनाचाच एक तुकडा कापून दुसरी बांधली आहे, माझ्या अक्षरात. ‘हे माझं नव्हतं. भाभींना खोटं सांगून आणलं.’ मागे लिहिलं आहे, ‘दुरुस्त केला :’. पुढची जागा शुक्रवारपर्यंत कोरी आहे.