आमच्या घराला नसलेला जिना

परंड्यातल्या आमच्या घराला जिना नाही. पत्र्याचं बसकं घर आहे. वर चढायचंच झालं तर शेजाऱ्याची शिडी मागावी लागते. तरीही सोनारीजवळच्या एका गावात माणसं ठामपणे सांगायची, की माझी मावशी आमच्या जिन्यावरून पडली.

हा जिना काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्यानं, उभा केला. ना वीट, ना वाळू, नुसत्या तोंडानं. थापा मारण्यात घरात माझं नाव आहे, पण इतकं मजबूत बांधकाम मलाही जमलं नसतं.

काकांना दमा. जमीन थोडी, घराण्याचा ताठा मोठा. "आमच्यातल्या बाया दुसऱ्याच्या कामाला जात न्हाईत." म्हणून मावशी सकाळच्या एसटीनं 'बहिणीकडं' यायची. चांगली साडी आमच्या खुंटीला लावायची, विटकी नेसायची, वर माझ्या वडिलांचा जुना सदरा चढवायची आणि बांधकामावर पाट्या वाहायला जायची. संध्याकाळी केसांतलं सिमेंट धुऊन, पुन्हा चांगली साडी नेसून परत. "मावशे, नाटकवालीला तरी एवढे कपडे बदलावे लागत नसतील," मी म्हणायचो. ती हसायची आणि एसटी चुकेल म्हणून पळायची.

मग एका दुपारी स्लॅब टाकताना परांचीची फळी निसटली. मावशीचे पाय कायमचे गेले.

बांधकाम मजुराला असं अपंगत्व आलं तर सरकारी मदत मिळते. पण आधी तो मजूर होता हे ठरावं लागतं. मावशीचा अर्ज मीच केला. ठेकेदार तोवर गाव सोडून गेला होता. त्यामुळं चौकशीचे साहेब थेट मावशीच्या गावात आले आणि ओट्यावर बसून शेजारच्या म्हातारीला विचारू लागले.

"बाई काम काय करायच्या?"

"काम? काय बोलता! लई खानदानी घर हाय. भनीकडं जायच्या, यायच्या."

"मग पडल्या कुठं?"

"भनीच्या जिन्यावरनं."

जमलेल्या माना हलल्या. मी उठलो, घसा साफ केला, हात पसरले. तेवढ्यात आतून, बाजेवरून, मावशीचा आवाज आला.

"तू गप बस रे. लई बोलतूस. तुझ्या काकास्नी बोलू दे."

काका उंबऱ्यात उभे होते. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. साहेबांनी फाईल मिटली. "काम केलंच नाही, तर अर्ज कशाला?"

काका उंबरा ओलांडून ओट्यावर आले.

"जिना न्हाय, साहेब," ते म्हणाले. "म्या रचला त्यो. ती परंड्यात बिगारी हुती. तिच्या डोक्यावरच्या पाट्यांनी हे घर जेवलं."

मग म्हातारीच बोलली.

"सुटलं बाबा तुझं तोंड एकदाचं! टाळूवर पाटीखालच्या चुंबळीनं टक्कल पडलंय तिच्या. आमाला काय डोळं न्हाईत?"

"मग मघाशी मला का नाही सांगितलं?" साहेब चिडले.

"घरधनी झाकतोय, ते शेजाऱ्यानं उघडावं व्हय?"

जबाबावर पहिला अंगठा तिनंच दिला. अर्ज पुढं पाठवतो, मंजुरी माझ्या हातात नाही, असं सांगून साहेब गेले. मंजुरी अजून यायची आहे.

मी निघताना काकांनी हळूच विचारलं, "तिची ती कामाची साडी हाय का तुमच्याकडं?"

दवाखान्यातून आणल्यापासून खुंटीलाच होती. दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. काकांनी ती स्वतः धुतली. मागच्या परसात नाही, पुढं रस्त्याच्या बाजूला दोरीवर वाळत घातली. मग मावशीची बाज दारापर्यंत ओढून आणली. दमले, तिच्याशेजारी बसले. मीही खाली टेकलो. साडीवरचे सिमेंटचे डाग निघाले नव्हते.