देवधर सरांना ऐकू आलं

मी इतिहासाची विद्यार्थिनी, आणि पुढे नोकरीभर शाळेत इतिहासच शिकवला. आधी पुरावा, मग बोलणं, ही सवय अंगात मुरलेली. घरात कुणी ‘अमक्याला तमकं दिसलं’ म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला – तुला कुणी सांगितलं, आणि त्याला कुणी? त्यामुळे वाचकांच्या अशा अनुभवांच्या या सदरात कधी लिहीन असं मला वाटलंच नव्हतं. पण नात म्हणाली, ‘आजी, ती खाडीची गोष्ट लिहीच.’ टाइपही तीच करते आहे, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका तिच्या... बाकी सगळं माझं.

पन्नासच्या दशकाची सुरुवात. ठाण्यात एका भाड्याच्या बंगल्यात आमचं कॉलेज भरायचं. फक्त आर्ट्स, आणि इतकं लहान की लायब्ररी म्हणजे जिन्याखालची दोन कपाटं. बी.ए.ला इतिहास घेतलेल्या मुली दोनच – मी आणि शरयू. ती डोंबिवलीहून यायची, मी ठाण्यातलीच. बाकी चार-पाच मुलगे.

शिकवायला देवधर सर. वय माझ्या वडिलांएवढं, धोतर-कोट, आणि कान जवळजवळ गेलेले. तरुणपणी टायफॉइड झाला होता, त्यात एक कान पूर्ण गेला, दुसऱ्यात अगदी जवळ जाऊन ओरडलं तर थोडंफार पोचायचं. समोरच्याचे ओठ बघून ते समजून घेत. ते फळ्याकडे वळले की मुलं खुशाल गप्पा मारत. सर वळून बघायचे आणि हसून म्हणायचे, “चालू द्या, मला काही त्रास नाही!”

फार सुखाचे दिवस होते ते. सर पुस्तकातला इतिहास शिकवायचे नाहीत. म्हणायचे, तुमच्या पायाखाली काय आहे ते आधी बघा. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांना कुणीतरी सांगितलं की कोपरीच्या पुढे, खाडीकडच्या मिठागरांच्या बांधावर एक कोरीव दगड पडला आहे. सरांचे डोळे चमकले. शिलाहार राजे जमीन दान देत तेव्हा असे दगड उभारत – वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर दान कायम. रविवारी बघायला जायचं ठरलं. मुलांची नेमकी क्रिकेटची मॅच होती. आम्हा दोघींना घरून परवानगी मिळाली ती सर बरोबर होते म्हणून. तरी माझे वडील म्हणालेच, “काही झालं ना, तर कॉलेज बंद. सांगून ठेवतो.” आणि ते बोलल्याप्रमाणे करणारे होते.

सकाळी निघालो. वाटेत एका माणसाने सरांना काहीतरी बजावलं. त्याच्या भरघोस मिशांमुळे सरांना ओठ नीट दिसले नसावेत. आम्ही मागे गप्पांत रंगलेल्या. ‘दुपारी परता’ म्हणाला, असं सरांनी आम्हाला सांगितलं. तो बहुतेक ‘दुपारच्या आत परता’ म्हणाला असणार.

दगड सापडला! अर्धा चिखलात, पण चंद्र-सूर्य स्वच्छ. सर गुडघ्यांवर बसून रुमालाने तो पुसत राहिले. आम्ही त्याचं चित्र काढलं, बांधावरच बसून पोळी-भाजी खाल्ली. ऊन सौम्य होतं, बगळे उतरत होते... आणि परत फिरलो तर आलो त्या बांधाचा मधला भाग पाण्याखाली गेलेला.

भरती. बघता बघता दोन्ही बाजूंनी पाणी चढायला लागलं. समोर कोपरी गावातली माडाची झाडं अगदी जवळ दिसत होती. सर म्हणाले, “सरळ त्या माडांच्या रोखाने जाऊ. चिखल असेल, पण अंतर थोडं आहे.” शरयू पुढे झाली आणि मांडीपर्यंत आत गेली. पाय निघेना. मी आणि सरांनी हात धरून तिला ओढून काढलं, चप्पल आतच राहिली. ती रडायला लागली. मला, खोटं कशाला बोलू, वडिलांचे शब्द आठवत होते. बुडण्यापेक्षा कॉलेज सुटण्याची धास्ती जास्त होती. वय तसंच होतं.

तेवढ्यात हाक आली.

मागून, खाडीच्या बाजूने. पुरुषाचा आवाज, शब्द नाहीत, लांबलचक “होऽऽ”. मी दचकून वळले. पण माझ्या आधी सर वळलेले होते.

“कोणीतरी बोलावतंय,” ते म्हणाले.

मी ओठ हलवले नव्हते. शरयू तोंड झाकून रडत होती. आणि सर अगदी बरोबर त्याच दिशेला बघत होते.

“सर, तुम्हाला ऐकू आलं?” मी ओरडले.

“चला,” एवढंच म्हणाले, आणि गावाकडे पाठ करून चालू लागले.

खाडीच्या दिशेने! कुणालाही वेडेपणा वाटावा. पण तिवरांच्या झुडपांमागे एक अरुंद जुना बांध होता, बाहेरून मुळीच न दिसणारा. आम्ही त्यावर चढलो. आवाज थांबून थांबून येत होता, आणि तो आला की सर माझ्या आधी वळत. बांध आधी लांब गेला, मग हळूच वळसा घेऊन गावाच्या मागे निघाला. पाय कोरडे! मागे बघितलं तर मघाचा चिखल दिसत नव्हता, नुसतं पाणी.

पहिल्याच घरासमोर एक आगरी आजीबाई सुकट वाळत घालत होत्या. आम्हाला बघून उठल्याच. “अगो बायांनो, भरती भरलीय आन तुम्ही तिकरशी कश्या आल्या?”

“कुणीतरी हाक मारली ना आम्हाला,” शरयू म्हणाली.

“तिकरं कोन नाय गो. मिठाचा काम आजून चालू नाय झाला.” मग आमच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, “हाक आयली ना? मंग झाला. बसा, च्या घ्या.”

त्यांनी शरयूला कोरडं लुगडं नेसायला दिलं. घरी आम्ही चिखलात पाय घसरला एवढंच सांगितलं. वडील माझ्या पायांकडे बघून म्हणाले, “दगड मिळाला का?” म्हणजे कॉलेज वाचलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला एकेकीला वेगवेगळं बोलावलं. “साक्षीदारांनी आपसात बोलायच्या आत जबानी घ्यावी,” म्हणाले. मी सांगितलं, पुरुषाचा आवाज, शब्द नव्हते. मग दोघींना समोर बसवलं आणि शरयूचं सांगितलं – तिने बाईचा आवाज ऐकला होता, काहीतरी गुणगुणत पुढे चालत बोलावल्यासारखा. मी चकित झाले. तिने मुळात ‘हो’ ऐकलंच नव्हतं.

“आणि तुम्ही, सर?” मी विचारलं.

“मला ‘मास्तर, इकडून’ असं ऐकू आलं. ओरडून नाही. अगदी हळू, शेजारी बसून बोलावं तसं. टायफॉइडनंतर माझ्याशी हळू आवाजात कुणी बोललेलं नाही.”

त्यांनी स्वतःची जबानीही आमच्या जबान्यांखाली लिहिली.

“तीन साक्षी, तिन्ही वेगळ्या,” ते म्हणाले. “एकमत फक्त दिशेवर. इतिहासात मी एवढंच लिहीन की तिथे कोणीतरी होतं. कोण, ते लिहायला पुरावा नाही.”

मी नंतर खूप लॉजिक लावून पाहिलं. एखादा होडीवाला, वाऱ्याने आलेला आवाज, घाबरलेलं मन... माझ्यापुरतं आणि शरयूपुरतं ते पटतंही. पण सरांचं काय? त्यांनी मुंबईला जाऊन कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, होते तसेच आहेत. आज इतक्या वर्षांनी शरयूशी फोनवर बोलताना हा विषय निघतो आणि आम्ही दोघी तिथेच अडकतो.

आमचं शेवटचं वर्ष संपेपर्यंत सर अधूनमधून रविवारी त्या बांधावर जात, ओहोटीची वेळ पक्की विचारून. एकदा मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, “सर, तिथे जाऊन काय करता?”

“ऐकत बसतो.”

“मग, येतं का काही ऐकू?”

“छे!” सर प्रसन्न हसले. “पण बसायला जागा फार छान आहे.”