व्हॉल्व्हला बांधलेली माळ

दीपमाला खुर्चीत नीट बसलेली मी पाहिलेली नाही. टेकते ती अशी, जणू खुर्ची दुसऱ्या कुणाची आहे आणि तो आत्ता येऊन मागणार आहे. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं, फोन आला की जिन्यात येरझाऱ्या. पायाला भिंगरी असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण हिच्या डोक्यालाही भिंगरी आहे. उभा जन्म एका टेबलाशी बिजागऱ्यांची मापं तपासत बसलेल्या माझ्यासारख्या माणसाला अशा बाईचा त्रास व्हायचाच. झालाही.

आमची कंपनी खडकीला. दारांच्या मुठी, बिजागऱ्या, कड्या करते आणि बराचसा माल परदेशी पाठवते. सगळं आम्हीच करतो असं नाही; ओतकाम एकाकडे, पॉलिश दुसऱ्याकडे, प्लेटिंग, म्हणजे मुलामा चढवायचं काम, तिसऱ्याकडे. या बाहेरच्या लोकांना आमच्यात व्हेंडर म्हणतात. काही वर्षांपूर्वी परदेशी गिऱ्हाइकानं कळवलं, की तुमचे व्हेंडर माणसांशी आणि पाण्या-मातीशी कसे वागतात याचे नियम करा, ते पाळले जातात का ते तपासा आणि दर मार्चअखेर तसं सहीनिशी लिहून द्या. त्या कामासाठी दीपमालाला घेतलं. ती मूळची वर्ध्याकडची, आर्वीची. पर्यावरणाचं इंजिनिअरिंग करायला पुण्यात आली आणि इथेच राहिली; नवरा तेजस आयटीत, घर विश्रांतवाडीला. आमच्या खरेदी खात्याचे प्रमुख श्रीनिवास तिला पहिल्याच दिवशी म्हणाले, "इंटरनेटवर तयार मिळतात हो नियम. नाव बदला आणि चिकटवा."

तिनं चिकटवले नाहीत. आधी सगळ्या व्हेंडरांच्या शेड पालथ्या घातल्या आणि मग मराठीत दोन पानं लिहिली. अठराच्या आतलं पोर कामावर नको, जादा कामाचे पैसे त्याच पगारात, वगैरे. एक नियम असा होता, की बायकांच्या संडासाला आतून कडी हवी. कड्या करणाऱ्या कंपनीच्या व्हेंडरकडे संडासाला कडी नाही, हे तिच्याआधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि शेवटचा नियम होता पाण्याचा. रसायनाचं पाणी शुद्ध न करता बाहेर सोडलं, तर त्या दिवसापासून काम बंद. कोणतीही सबब चालणार नाही. सगळ्या व्हेंडरांनी, आपण बँकेत करतो तशा, न वाचता सह्या केल्या.

माल कसा आहे ते बघायला म्हणून तिच्याबरोबर मला पाठवायचे. ऑडिट म्हणजे काय असतं, हे न पाहिलेल्यांसाठी सांगतो. आदल्या दिवशी फोन गेलेला असतो. कामगारांच्या हातात इतके नवे मोजे, की बोटं वाकत नाहीत. दारात मालक, हातात शाल आणि नारळ, मागे टेबलावर वडे आणि काजूकतली. मी वड्यांना कधी नाही म्हटलं नाही. दीपमाला मात्र आधी संडास पाहायची आणि मगच चहा घ्यायची. तोवर चहा गार झालेला असायचा आणि मालक गरम.

याला अपवाद एकच, मांजरी गावचे महिपती. घराणं मांजरीचंच, जमीनदार शेतकऱ्याचं. बरीचशी जमीन बिल्डरांना गेली, थोडा ऊस आणि एक विहीर उरली. उसाला लागून प्लेटिंगची शेड आणि शेडला लागून घर. चाळीसेक माणसं कामाला, त्यातली निम्मी विदर्भातली. पगार वेळेवर, कडी सगळ्यांच्या आधी त्यांनीच बसवलेली. शाल-नारळाची भानगड नाही. त्यांची आई, सरुबाई, शेडमध्ये हक्कानं फिरायची आणि दीपमाला आली की घरात ओढून न्यायची. "पोरी, किती वाळलीस गं. बस, भाकर खा." एकदा तिनं दीपमालाची ओटीही भरली. ऑडिटला आलेल्या बाईची ओटी भरलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

महिपतींकडे ईटीपीही होतं. ईटीपी म्हणजे प्लेटिंगचं विषारी पाणी शुद्ध करायचं यंत्र: ओळीनं टाक्या, मध्ये पंपाची मोटर आणि टाक्या जोडणाऱ्या पाइपावर चाकाचा व्हॉल्व्ह. रोज चाक फिरवल्याशिवाय थेंबभरही पाणी पुढे जात नाही. शेवटच्या टाकीतलं पाणी दीपमालानं तपासायला नेलं, तर रिपोर्ट एकदम स्वच्छ. यंदाही फाल्गुनात आम्ही गेलो, तिनं बाटली भरून घेतली, कागद पाहिले, सगळं ठीक. मी गाडीत जाऊन बसलो. ही येईना. परत आत गेलो, तर बाई शेडमध्ये गरगर फिरतायत.

"अहो, झालं ना सगळं?" मी वैतागून विचारलं.

"झालं सर. पण लय जास्त स्वच्छ पाणी आहे हे. माह्या घरच्या फिल्टरचं असं येत नाही." अस्वस्थ झाली की तिच्या तोंडी आर्वी येते. "काहून येत असंल?"

आणि मग ती त्या व्हॉल्व्हसमोर थांबली. ती थांबली म्हणून मीही पाहिलं.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. घराण्यात तलवार असो नसो, लेथ मशिनला, ड्रिलला, अगदी स्कूटरलाही हळदीकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते. महिपतींकडेही पडली होती. पण इतर यंत्रांवरच्या माळा कधीच तुटून गेल्या होत्या. कुठे नुसता दोरा लोंबत होता, कुंकू तेलात पुसलं गेलं होतं. व्हॉल्व्हवरची माळ मात्र जशीच्या तशी. फुलं वाळून चहापत्तीसारखी झालेली, पण दोरा चाकाच्या आऱ्यांमधून ओवून पाइपाला गाठ मारलेला, अखंड. शेजारच्या मोटरच्या फिरत्या दांड्यावर कुंकवाची पाच बोटं, काल लावल्यासारखी गोल. ऑडिट म्हणून शेड धुतली होती, पाइप रंगवले होते. देवाच्या माळेला हात लावायचं मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं.

सरुबाई मागे येऊन उभी राहिली होती. दीपमालानं अगदी हळू विचारलं, "आजी, ही माळ दसऱ्याची का?"

"खंडेनवमीची हाय. म्याच बांधली. वाऱ्यानं पडती म्हणून चाकातनं ववून गाठ मारली." म्हातारी कौतुकानं म्हणाली. "देवाची माळ हातानं तोडू न्हाई. सोताहून पडंल तवा पडंल."

दीपमालानं मोबाइलवर फोटो काढला. मला मात्र त्या क्षणी राग आला तो तिचाच. कशाला पाहायला गेली, असं वाटलं.

महिपती आले, माळेकडे पाहिलं आणि खाली बसले. सारवासारव केली नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. "पहिल्या वर्षी चालवलं, मॅडम. मग तुमच्या श्रीनिवास साहेबांनी भाव कमी केला. पुढच्या वर्षी आणखी. ईटीपीची लाइट आणि केमिकल, दोन्ही परवडंना. तुम्ही यायच्या आधी शेवटच्या टाकीत टँकरचं पाणी भरायचो."

"आणि रसायनाचं?"

"उसामागच्या ओढ्यात."

सरुबाई ऐकत होती. तिला आधी अर्थ लागला नाही. मग लागला. तिच्या विहिरीचं पाणी दोन वर्षांपासून बाद झालं होतं. पाण्याला वास येत होता आणि घरात पाण्याचे जार येत होते. "समोरच्या टॉवरवाल्यांच्या गटारानं हीर नासली, असं सांगितलंस की मला," ती लेकाला म्हणाली. "म्या त्यास्नी रोज सकाळी शिव्या घालती. तू ऐकत व्हतास."

म्हातारी घरात गेली आणि दार लावून घेतलं.

परतताना गाडीत मी समजुतीचं बोललो. माणूस वाईट नाही, एक महिना द्या, लगेच लिहू नका. ती खिडकीची काच खाली-वर, खाली-वर करत होती. "नियम मी लिहिला न सर. सबब चालणार नाही, हेही मीच लिहिलं. चांगल्या माणसाची चालते, असं नव्हतं लिहिलं." मग काच पुरती वर करून म्हणाली, "मी ओटी भरून घ्यायला नको होती."

त्याच दिवशी महिपतींचं काम बंद झालं. श्रीनिवासांना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. "बरंच झालं. दुसरा तयार आहे, याच्याहून कमी भावात." दुसऱ्या दिवशी दीपमाला न कळवता त्या दुसऱ्याची शेड पाहून आली. तिचा चेहरा उतरला होता.

"काय झालं?"

"सर, त्याच्याकडे हार घालायला यंत्रच नाही."

श्रीनिवासांनी माल तरीही त्याच्याकडेच पाठवला. पुढचे दिवस फार वाईट गेले. महिपतींकडची माणसं तिला फोन करायची. एकाचं बोलणं मी शेजारी उभा राहून ऐकलं, कारण तो ओरडतच होता. "ताई, तुम्ही आपल्याकडच्याच न? मंग आपल्याच माणसांच्या पोटावर पाय काहून दिला?" तिनं फोन ठेवला नाही, पुरता ऐकून घेतला. डबा तसाच परत न्यायला लागली. एकदा मला म्हणाली, "मी पाणी वाचवायला गेली आणि घाण फक्त एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात नेली. असा कसा नियम लिहिला मी?" मला तिची दया आली आणि तिच्या जागी आपण नाही याचं बरंही वाटलं.

मार्चअखेर आली. गिऱ्हाइकाला द्यायच्या पत्रावर तिची सही हवी होती. आमच्या कंपनीच्या मालकांनी मीटिंग बोलावली. दीपमालानं, अर्थात उभ्यानंच, एक नवा नियम वाचून दाखवला. तो व्हेंडरांसाठी नव्हता, आमच्यासाठी होता. प्लेटिंगच्या भावात पाणी शुद्ध करायचा खर्च वेगळा धरायचा आणि घासाघीस करताना त्याला हात लावायचा नाही. ईटीपीला वेगळं मीटर बसवायचं. जेवढं चालेल तेवढा खर्च कंपनीनं द्यायचा, चाललं नाही तर काम बंद.

श्रीनिवास हसले. "अहो, नियम व्हेंडरांसाठी असतात. आपण गिऱ्हाईक आहोत."

मी मीटिंगमध्ये सहसा बोलत नाही. तिथला चहा चांगला असतो. पण त्या दिवशी राहवलं नाही. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," मी म्हणालो. तेव्हापासून श्रीनिवास माझ्याशी बोलत नाहीत. माझा बराच वेळ वाचतो.

मालक थंडपणे म्हणाले, "तुम्ही सही केली नाहीत, तर दुसरं कुणी करेल."

"करू द्या," दीपमाला म्हणाली. "पण माळेचा फोटो माझ्याकडे आहे. गिऱ्हाइकानं विचारलं, तर मी खोटं सांगणार नाही." तिच्या पर्समध्ये राजीनामा होता, हे मला माहीत होतं, मालकांना चेहऱ्यावरून कळलं असावं.

मालकांनी मान्य केलं. मन मोठं होतं म्हणून नव्हे, फोटो होता म्हणून. गिऱ्हाइकाला पत्र गेलं ते जे झालं ते लिहून, आणि तिच्या सहीनिशी. उन्हाळा संपता संपता महिपतींची शेड पुन्हा सुरू झाली, ईटीपीसकट. काही माणसं तोवर गावी निघून गेली होती, ती परत आली नाहीत. त्यांची नावं दीपमालाला पाठ आहेत.

यंदा खंडेनवमीला महिपतींनी आम्हा दोघांना बोलावलं. ती यायला तयार नव्हती, मीच नेलं. तिथं गेल्यावर कळलं, की सरुबाई त्या दिवसापासून लेकाशी एक शब्द बोललेली नाही. एका घरात राहायची, त्याला वाढायची, पण मुक्यानं. ताट घेऊन ती एकेका यंत्रापुढे जात होती आणि महिपती मागून समई सांभाळत चालले होते. पूजेला सगळी यंत्रं बंद असतात. ईटीपीची मोटर मात्र घरघरत होती, कारण आदल्या दिवशीचं पाणी टाक्यांत होतं. सरुबाई व्हॉल्व्हशी आली, तसे महिपती पुढे झाले. "आई, थांब. पूजेपुरती बंद करतो."

"बंद करू नगंस," सरुबाई म्हणाली. "बंद मशिनीची लई पूजा केली."

महिपतींचा बटणाकडे गेलेला हात तिथंच राहिला. सात महिन्यांनी आईचा आवाज आपल्यासाठी ऐकला होता त्यांनी. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. म्हातारीनं कुंकू भिंतीला लावलं, माळ तिथल्या खिळ्यावर अडकवली. व्हॉल्व्हला काही बांधलं नाही.

मग ती दीपमालाला विहिरीवर घेऊन गेली. पाण्यावर अजून तेलकट साय होती, वासही होता. "आता तर घाण थांबली," सरुबाई म्हणाली. "मंग माझ्या हिरीचं पानी कवा गोड हुईल, पोरी?"

दीपमालाला उत्तर माहीत होतं. शिकली होती ती. तिनं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी गोड सांगून टाक, असं मी डोळ्यांनी सांगितलं.

"लवकर नाही होणार, आजी," ती म्हणाली. "तुमच्या-माझ्यासमोर होईल की नाही, तेही सांगता येत नाही."

सरुबाईनं मान हलवली. ताटात एक माळ उरली होती, ती तिनं विहिरीच्या कठड्यावर ठेवली आणि खाली बसून शेजारी जागा करून दिली. दीपमाला तिथं बसली. कठड्याला पाठ टेकून, पाय लांब करून, चांगली अर्धा तास. निघू या का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.